घड्याळ आधी स्वतःचे मिळवा!

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. तो संगणकाच्या कंपनीत आहे. बोलता बोलता मी म्हणालो, "अरे, यावेळी संगणकाच्या घड्याळावर लिहायचं म्हणतोय." तो हसला. म्हणाला, "मामा, त्यात काय लिहायचं? ते आपोआप होतं. इंटरनेटवरून वेळ येते आणि लागते."

त्याच संध्याकाळी आमच्या एका ब्लॉगर मित्रांना हाच विषय सांगितला. ते मुंबईचे. निवृत्तीनंतर त्यांना निसर्गाची ओढ लागली आहे. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही गडचिरोलीला राहता. जंगलातल्या माणसाने तरी घड्याळाच्या गुलामगिरीविरुद्ध लिहावं! तुम्हीच मिनिटं मोजायला लागलात तर कसं व्हायचं?"

तिसरे मत एका कचेरीतल्या बाबूचे. त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ आणि टेबलावरच्या संगणकाचे घड्याळ यात सहा मिनिटांचा फरक होता. मी तो दाखवला. ते म्हणाले, "जाऊ द्या ना जी. दोन-चार मिनिटांनी काय आभाळ कोसळते?"

तीन माणसे, तीन मते. आणि माझ्या मते तिघेही चुकले आहेत. आज जरा भांडणाच्या सुरात लिहितो आहे, त्याबद्दल नात्यातल्या मंडळींनी रागावू नये. भाच्याने तर मुळीच नाही.

आधी प्रसंग सांगतो, म्हणजे भांडण कशासाठी आहे ते कळेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी हयातीच्या दाखल्याच्या कामासाठी एका संगणक केंद्रात गेलो होतो. (आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. असो.) दुपारचे अडीच वाजले असतील. बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. धानोऱ्याच्याही पलीकडून आले होते. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. सकाळी दहापासून बसून होते. केंद्र चालवणारा मुलगा स्वभावाने चांगला. मला पाहून म्हणाला, "गुरुजी, आज काहीच होत नाही जी. सर्वर डाऊन आहे. सकाळपासून चार जण वापस गेले."

वडील मुलीला म्हणत होते, "येष्टी गेली का मंग इथंच राहा लागते. चाल." मुलगी उठत नव्हती.

मला दिसते कमी, पण सवय वाईट. कुठेही गेलो की मी आधी घड्याळ बघतो. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात बघितले. तिथे तारीख होती १ जानेवारी. सालही दहा-बारा वर्षांपूर्वीचे! मी म्हणालो, "बाबू, हे काय?" तो म्हणाला, "ते नेहमीच असं होतं जी, त्याचा काही संबंध नाही."

संबंध होता. सगळा संबंध तिथेच होता. पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहून आले होते की तुमचे घड्याळ मागे आहे. पण ती पाटी लाल रंगाची. लाल पाटी आली की न वाचता बंद करायची, ही आपली राष्ट्रीय सवय.

झाले होते असे. शासनाचे, बँकेचे किंवा कुठलेही सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ते आपल्या संगणकाला एक ओळखपत्र दाखवते. त्या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध, असे लिहिलेले असते. ते तपासताना आपला संगणक आजची तारीख विचारतो, आणि विचारतो कोणाला? स्वतःच्याच घड्याळाला! ते घड्याळ बारा वर्षे मागे असेल तर समोरचे ओळखपत्र अजून जन्मालाच यायचे आहे असे त्याला वाटते. मग तो दार लावून घेतो. सर्वर बिचारा चालूच असतो. खोटे बोलत असते ते आपले घड्याळ, आणि नाव जाते सर्वरचे.

मी तारीख आणि वेळ हाताने बरोबर केली. पाच मिनिटांत संकेतस्थळ उघडले. पावणेचारला त्या मुलीचा अर्ज गेला. वडिलांना शेवटची एसटी मिळाली.

इथे काही वाचक म्हणतील, वा गुरुजी, छान काम केलेत! थांबा. मला त्या मुलीचा आनंद झाला, पण रात्री झोप लागली नाही ती परत गेलेल्या चौघांमुळे. ते कोण होते, कुठून आले होते, कशासाठी आले होते, मला ठाऊक नाही. केंद्रातल्या मुलालाही ठाऊक नव्हते. त्यांना 'सर्वर डाऊन' हे उत्तर मिळाले होते. आपल्याकडे ते देवाच्या करणीसारखे आहे. त्यावर अपील नाही.

दुसऱ्या दिवशी त्या संगणकातला सेल बदलला. शर्टाच्या बटणाएवढा, किंवा जरा मोठा म्हणा. पन्नासेक रुपयांच्या आतबाहेरचे काम.

आता भाच्याला उत्तर देतो. "आपोआप होतं" हे त्याचे म्हणणे पुण्यात खरे असेल. इकडे ते का होत नाही, ते समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाच्या आत एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो. आपल्या साध्या मनगटी घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ते मोजून घड्याळ पुढे सरकते. स्फटिक स्वस्त असेल, उकाडा असेल (आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उकाड्याबद्दल मी आणखी काय सांगू!), तर मोजणीत थोडा फरक पडतो. दिवसाला दोनेक सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण महिन्याला मिनिट होते आणि वर्षाला दहा-बारा मिनिटे होतात.

संगणक बंद असतानाही हे घड्याळ चालू राहावे म्हणून तो बटणासारखा सेल असतो. विजेची तार जोडलेली असेल तर सेलवर भार पडत नाही. वीज गेली किंवा मेन स्विच बंद केला की सेल राबतो. आता आमच्याकडचे बघा. चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्र आहे, तिथली वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, आणि इकडे आतल्या गावांत दिवे गेले की कधी येतील ते सांगता येत नाही. त्यात रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायचा, ही शहाण्या दुकानदाराची रीत. विजा पडतात म्हणून ती योग्यच आहे. पण त्यामुळे आमच्याकडचा सेल शहरातल्या सेलपेक्षा लवकर मरतो. सेल मेला की सकाळी संगणक जागा होतो तो थेट आपल्या जन्मसालात.

मग इंटरनेटवरून वेळ का लागत नाही? कारण ती सोय फरक थोडा असेल तेव्हासाठी केलेली आहे. पुष्कळ जुन्या संगणकांत असे होते की फरक फार मोठा दिसला तर तो बाहेरची वेळ घ्यायलाच नकार देतो. कोणी फसवत असेल अशी त्याला शंका येते. अशा वेळी आधी तारीख हाताने बरोबर करावी लागते, मगच तो इंटरनेटचे ऐकतो. काही कचेऱ्यांत वेळ विचारण्याचे जे दार असते, १२३ क्रमांकाचे, तेच सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेले असते. आणि जुन्या विंडोज एक्सपीत तर आठवड्यातून एकदाच वेळ विचारायची अशी मूळची मांडणी होती. त्या क्षणी नेट नसले तर राहिले!

आणखी एक गंमत. एका ओळखीच्या घरी संगणकाचे घड्याळ अगदी बरोबर दिसत होते, पण देश निवडलेला होता अमेरिका. कोणीतरी तो तसाच ठेवून काटे हाताने फिरवले होते. घड्याळ बरोबर, पत्ता चुकीचा! दरवेळी इंटरनेटवरून वेळ आली की ते बिघडायचे, म्हणून त्यांनी ती सोयच बंद करून टाकली होती. रोग तसाच ठेवून वैद्याला घराबाहेर काढण्याचा प्रकार.

ज्या पद्धतीने ही वेळ येते ती मात्र फार सुंदर आहे. मी भूगोलाचा मास्तर, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. मला समजली म्हणजे तुम्हाला समजेलच. समजा तुम्ही दूरच्या गावी एका माणसाला चिठ्ठी पाठवली: "तुमच्या घड्याळात किती वाजले?" चिठ्ठी पाठवल्याची वेळ तुम्ही तुमच्या घड्याळाने लिहून ठेवली. त्या माणसाने चिठ्ठी हाती आल्याची वेळ आणि उत्तर धाडल्याची वेळ, दोन्ही त्याच्या घड्याळाने लिहिल्या. उत्तर तुमच्या हाती पडले ती वेळ पुन्हा तुम्ही लिहिली. झाल्या चार वेळा. चिठ्ठीला जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असे धरले, तर साध्या बेरीज-वजाबाकीने प्रवासाचा वेळ वेगळा काढता येतो आणि दोन घड्याळांतला खरा फरक उरतो. सातवीच्या मुलाला जमेल असे गणित आहे. जाण्या-येण्याचा वेळ सारखा नसेल तर थोडी चूक राहते, पण ती सेकंदाच्या लहानशा भागाएवढी.

ही पद्धत घडवली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स या प्राध्यापकांनी. तिला एनटीपी म्हणतात. तिचा पहिला मसुदा १९८५ सालचा. या गृहस्थांची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि उतारवयात ती पूर्ण गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. साऱ्या जगाची घड्याळे मिळवून देणाऱ्या माणसाला शेवटची वर्षे घड्याळ दिसत नव्हते. आणि आपल्याला दिसते, पण आपण बघत नाही!

हे झाले भाच्याचे. आता मुंबईच्या मित्रांकडे वळतो. घड्याळाची गुलामगिरी नको म्हणतात. माझ्या मनात त्याबद्दल सहानुभूती आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. त्या काळी आतल्या गावांत घरोघरी घड्याळ नव्हते. लोक सूर्याकडे बघून निघत. सूर्याचे एक चांगले असते. तो सगळ्यांना सारखाच दिसतो आणि कोणाला "उशीर झाला, उद्या या" असे म्हणत नाही.

पण मित्रहो, ते दिवस गेले, आणि ते गावकऱ्यांनी घालवले नाहीत. घड्याळ त्यांच्यावर आलेलेच आहे. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला शेवटची तारीख आणि शेवटची वेळ आली. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला केंद्राचे फाटक ठरल्या मिनिटाला बंद होऊ लागले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलच्या अॅपवर हजेरी सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र, वेळेसह आणि ठिकाणासह. ज्या बाईने उभ्या जन्मात घड्याळ बांधले नाही, तिची मजुरी यंत्रातल्या वेळेवर अवलंबून राहू लागली. तिला जाऊन सांगा, घड्याळाची गुलामगिरी झुगारून दे! झुगारून ती काय झुगारणार? घड्याळ तिच्या मनगटावर नाही, समोरच्याच्या टेबलावर आहे.

शहरातल्या माणसाला घड्याळ झुगारणे परवडते, कारण त्याची चूक सांभाळून घेणारे पुष्कळ असतात. त्याची एक बस चुकली तर दुसरी दहा मिनिटांत येते. आमच्याकडे दुसरी उद्या येते.

आणि मुंबईकरांनीच हे बोलावे याची मला गंमत वाटते. कारण घड्याळावरून सगळ्यात मोठे भांडण मुंबईनेच केले आहे.

भूगोल शिकवताना मी मुलांना सांगायचो: पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरची. तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंश. म्हणून मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ही प्रमाणवेळ लागू केली तेव्हा मुंबईत केवढा क्षोभ झाला! गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात विरोध केला, कारण सूर्य तोच, रात्र तीच, आणि गिरणीचा भोंगा मात्र एकाएकी चाळीस मिनिटे आधी! मुंबई महापालिकेने आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती १९५५ पर्यंत चालली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे मुंबईत दोन वेळा होत्या.

त्या कामगारांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. त्यांनी एक योग्य प्रश्न विचारला होता: घड्याळ कोण लावतो आणि त्याचे मोल कोण भरतो?

आमच्याकडचा हिशेब सांगतो. चंद्रपूर सुमारे ७९ अंश १८ मिनिटांवर आहे. म्हणजे आमचा सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण तेरा मिनिटे मागे. गडचिरोली सुमारे ८० अंशांवर, म्हणजे दहा मिनिटे मागे. आणखी एक मौज ऐका. १९०५ पर्यंत हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने चालत असत. मद्रास ८० अंश १५ मिनिटांवर. म्हणजे मद्रास आणि गडचिरोली यांच्या सूर्यात एका मिनिटाचा फरक! सगळ्या देशाची रेल्वे जवळजवळ गडचिरोलीच्या सूर्यावर चालत होती, आणि तेव्हा गडचिरोलीला रेल्वे मात्र नव्हती.

तर आम्ही आमची दहा मिनिटे देशाला देऊन टाकली. कोणी तक्रार केली नाही. योग्यच केले. देश एक, तर वेळ एक. पण हा एक करार होता. आम्ही आमचा सूर्य सोडायचा आणि बदल्यात आम्हाला सगळीकडे, प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक फाटकावर एकच खरी वेळ मिळायची. आज या खिडकीवर तीन मिनिटे पुढे, त्या खिडकीवर सहा मिनिटे मागे आणि संगणक केंद्रात बारा वर्षे मागे असेल, तर आमचा सूर्य काय वाईट होता? तो निदान सगळ्यांना सारखाच होता.

आता कचेरीतले बाबू. "दोन-चार मिनिटांनी काय होते?" या प्रश्नाला मी इतकेच विचारतो: हे वाक्य खिडकीच्या बाहेरच्या माणसाने म्हटले तर तुम्ही ऐकाल का? पाच वाजून तीन मिनिटांनी आलेल्या माणसाला तुम्ही खिडकी उघडता का? नाही ना? मग तीन मिनिटांना किंमत आहे. फक्त ती कोणी भरायची हे ठरलेले आहे. तुमच्या घड्याळाची चूक असली तरी दंड त्यालाच.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षे. शाळा वैनगंगेच्या काठच्या एका गावात. पलीकडच्या काठावरची सहा-सात मुले डोंग्यातून नदी ओलांडून शाळेला यायची. मी शिस्तीचा भारी भोक्ता. माझे चावीचे मनगटी घड्याळ हे शाळेचे घड्याळ. घंटा त्यावर व्हायची. प्रार्थना सुरू झाली की उशिरा आलेल्यांना बाहेर उभे करायचे, आणि हातावर छडीही. ती पलीकडची मुले रोज उशिरा. त्यांतला एक मुलगा रोज म्हणायचा, "गुरुजी, आमी लवकरच निघालतो जी." मला वाटायचे, पक्का लबाड आहे.

गावात रेडिओ एकच होता, तोही बंद पडलेला. महिन्या-दोन महिन्यांनी तो दुरुस्त होऊन आला. सकाळच्या बातम्यांआधी आकाशवाणीचे ते पिप् पिप् टोले झाले, आणि मी माझ्या घड्याळाकडे बघितले. माझे घड्याळ अकरा मिनिटे पुढे होते.

मी काटे मागे घेतले. दुसऱ्या दिवसापासून ती मुले वेळेवर येऊ लागली! म्हणजे ती आधीही वेळेवरच येत होती. वेळेवर आलेल्या मुलांना मी दोन महिने छड्या मारल्या. आणि हे मी त्यांना सांगितले नाही. मास्तरची अब्रू जाईल म्हणून गप्प बसलो. पन्नास वर्षे होत आली, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. ज्याच्या घड्याळाने दुसऱ्याला शिक्षा होते, त्याने आपले घड्याळ आधी मिळवले पाहिजे. घरच्या संगणकाचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल तर तो तुमचा प्रश्न. पण जे घड्याळ दुसऱ्याला दारातून परत पाठवते, ते चुकीचे ठेवणे हा आळस नव्हे, अन्याय आहे.

माझ्या वेळी निदान सबब होती. रेडिओ बिघडला होता. आज काय सबब आहे? दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर भारताची प्रमाणवेळ सांभाळते आणि ती इंटरनेटवरून फुकट देते. संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात इतर अनेकांबरोबर सरकारी संस्थांनाही सांगितले की आपल्या संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या वेळेशी मिळवा. एनआयसीच्या वेळ देणाऱ्या सर्वरचे नावच 'समय' आहे! जानेवारी २०२५ मध्ये तर केंद्र सरकारने सरकारी आणि व्यापारी कामांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी अशा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. वरचे वर सगळे उत्तम चालले आहे. अणुघड्याळाची वेळ दिल्लीहून निघते आणि आमच्या तालुक्यात पन्नास रुपयांच्या सेलपाशी येऊन थांबते.

नुसती टीका करून मी थांबत नाही. मास्तर आहे, गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही.

ज्या ज्या ठिकाणी वेळ संपली म्हणून माणसाला परत पाठवतात, तिथे घड्याळ बाहेरच्या माणसाला दिसेल असे लावा आणि रोज सकाळी ते मिळवा. देवाला दिवा लावायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल. संगणक सुरू करताना उजव्या कोपऱ्यात तारीख बघायची सवय लावा. घड्याळ पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर सेल बदला. आधी देश आणि प्रमाणवेळ बरोबर निवडा, मग तारीख हाताने लावा, मग इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू करा. क्रम महत्त्वाचा आहे. 'सर्वर डाऊन' हे दोन शब्द उच्चारण्याआधी लाल पाटी एकदा वाचा. आणि शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे: घड्याळ चुकलेले आढळले तर फायदा बाहेर उभ्या असलेल्याला मिळाला पाहिजे. क्रिकेटमध्ये शंकेचा फायदा फलंदाजाला देतात. आमच्या मुलांना तेवढा तरी द्या.

घड्याळ मिळवले म्हणजे सगळे मिळाले, असे मी म्हणत नाही. एसटी नाल्याच्या पुरात अडकली तर एनटीपी काय करणार? गावात नेट नसेल तर वेळ तरी कुठून येणार? ते प्रश्न मोठे आहेत, त्यांना पैसा लागतो, वर्षे लागतात. म्हणूनच तर राग येतो. ज्याला पैसा लागत नाही, वर्षे लागत नाहीत, एवढे एक काम आपल्या हातात आहे, आणि तेच आपण क्षुल्लक म्हणून सोडून देतो.

पूर्वी लग्नाच्या मांडवात घटिकापात्र ठेवत. पाण्यात सोडलेली भोकाची वाटी. ती बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटिका भरली. वाटी ठेवणाऱ्याला जागचे हलता येत नसे. दोन घराण्यांचा मुहूर्त त्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, हे त्याला ठाऊक असे. आज ती वाटी टेबलावरच्या संगणकात आहे आणि ती ठेवणारा माणूस जागेवर आहे, पण तो वाटीकडे बघत नाही.

असो. फार बोललो. भाच्या, पुढच्या सुट्टीत इकडे आलास की तुझ्याकडून दोन दिवस काढून घेणार आहे. बसस्टँडजवळच्या केंद्रांतून फिरू आणि घड्याळे मिळवू. खिशात सेल घेऊन ये, इकडे महाग मिळतात.

आणि वाचकहो, हे वाचून झाल्यावर एकच करा. आपल्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघा. मग पुढच्या वेळी कुठल्याही खिडकीपाशी उभे राहाल तेव्हा आतल्या घड्याळाकडेही बघा, आणि चुकलेले दिसले तर मोठ्याने सांगा. तुमच्या मागे रांगेत कोणीतरी धानोऱ्याच्या पलीकडून आलेले असते.